प्रश्न तुमचे : कानात गोष्ट, पायाखाली रस्ता

मागच्या अंकात सकाळच्या फिरण्याबद्दल लिहिताना मी शेवटी एक ओळ टाकली होती : 'चालताना कानात काही ऐकत असाल, तर काय ऐकता आणि चालण्यात काही फरक वाटतो का, ते कळवा.' या एका ओळीवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. कुणी कादंबऱ्या ऐकतं, कुणी प्रवचनं, कुणी बातम्या, तर कुणी परीक्षेचे तास. त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला मी जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला प्रश्न सगळ्यात निकडीचा आहे.

प्रश्न : मी ६८ वर्षांची निवृत्त शिक्षिका, मिरजेला राहते. डोळ्यांमुळे वाचन कमी झालं, म्हणून मुलीने फोनमध्ये ऑडिओबुकची सोय करून दिली. आता रोज सकाळी ४५ मिनिटं फिरते आणि कादंबरी ऐकते. ह्यांचं म्हणणं असं, की कानात गोष्ट असली की मी पाय घासत चालते, हळू होते, मधेच थबकते. दोन महिन्यांत दोनदा ठेच लागली आणि एकदा हातावर पडले. मला स्वतःला मात्र काही फरक जाणवत नाही. ऐकण्याने खरंच चाल बदलते, की हा ह्यांचा नेहमीचा काळजीचा स्वभाव? ऐकणं सोडायचं अगदी जिवावर येतं.

उत्तर : बाई, तुमच्या यजमानांची नजर बरोबर आहे. आणि ऐकणं सोडा, असं मी सांगणार नाहीये. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

माझे वडील सकाळी हातात ट्रान्झिस्टर घेऊन अंगणात येरझारा घालायचे. ७ वाजून ५ मिनिटांनी आकाशवाणी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या. साधी बातमी असली की त्यांची पावलं चालू राहायची. काही गंभीर लागलं की ते पारिजातकापाशी थांबायचे. आम्ही भावंडं घरातून चपलांचा आवाज ऐकायचो. आवाज थांबला, म्हणजे बातमी मोठी. पुढे मी फिजिओथेरपीची पदवी घेतली. त्या सुमारास कॉलेजच्या ग्रंथालयात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला १९९७ सालचा एक छोटा लेख हाती आला. स्वीडनमधल्या उमेओ इथल्या संशोधकांनी वृद्धनिवासात राहणाऱ्या ५८ जणांना चालता चालता बोलतं केलं आणि बोलण्यासाठी कोण थांबतं एवढंच पाहिलं. १२ जण थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ जणांपैकी १० जण पडले. मला तो पारिजातक आठवला, आणि त्या रविवारी घरी गेल्यावर मी पहिल्यांदा वडिलांच्या पावलांकडे नीट पाहिलं.

चालणं आपोआप होतं असं आपण म्हणतो. बऱ्याच अंशी ते खरं आहे. पाऊल उचलणं आणि टेकणं याची लय मेंदूचे खालचे भाग आणि मज्जारज्जू सांभाळतात, त्यासाठी विचार करावा लागत नाही. पण समोर चेंबरचं उचकटलेलं झाकण आहे, कुत्रं आडवं येतंय, उतार संपून पायरी आली, हे पाहून पाऊल बदलण्याचं काम कपाळामागचा मेंदू करतो. लक्ष देणं, मनात एक गोष्ट धरून ठेवणं, निर्णय घेणं ही कामं त्याचीच. आणि कादंबरी समजून घ्यायलाही तोच लागतो. मघाशी दारात कोण आलं होतं, हा पुरुष तिचा दीर की भाऊ, हे सगळं मनात धरल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. दोन्ही कामं एकाच माणसाकडे गेली की एक जरा मागे पडतं.

तरुणपणी या माणसाकडे वेळ भरपूर असतो, कारण पाय त्याला फारसे बोलावत नाहीत. वय वाढतं तशी तळव्यांची जाणीव कमी होते (मधुमेह असेल तर आणखी लवकर), नजर अधू होते, स्नायू उशिरा हलतात. मग ज्या चालण्याला पूर्वी लक्ष लागत नव्हतं, त्यालाही ते लागू लागतं. हे हळूहळू होतं, म्हणून कळत नाही.

तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळ जाणारा एक प्रयोग तेल अवीवमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. तरुण माणसं, कधी न पडलेली वयस्क माणसं आणि आधी पडलेली वयस्क माणसं, असे तीन गट होते. त्यांना चालताना हेडफोनमधून मजकूर ऐकायला दिला आणि नंतर त्यावर प्रश्न विचारले. दुसऱ्या एका फेरीत चालता चालता सात-सात वजा करत जायला सांगितलं. लक्ष असं वाटलं गेलं तेव्हा वेग तिन्ही गटांत उतरला. पण पावलांची लय बिघडली ती फक्त आधी पडलेल्यांची. लय बिघडते म्हणजे एक पाऊल लवकर पडतं, पुढचं उशिरा, तिसरं आणखी वेगळं. आम्ही चाल तपासतो तेव्हा नुसता वेग कमी झाला तर फारसं घाबरत नाही. सावध माणूस हळू चालतोच. पावलं एकमेकांसारखी पडेनाशी झाली, की मात्र आम्ही कान टवकारतो.

आता पाय घासण्याबद्दल. मागचा पाय पुढे येताना त्याचा चवडा जमिनीपासून किती वर असतो, सांगा पाहू? सगळ्यात खालच्या क्षणी जेमतेम एक ते दोन सेंटिमीटर, आणि हे धडधाकट माणसाचं. तुमच्या रस्त्यावरचा एखादा पेव्हर ब्लॉक बोटभर वर आला असेल, तर तेवढ्यात ठेच लागते. ती वाचते ती आपण दोन पावलं आधी तो ब्लॉक पाहिलेला असतो म्हणून. त्या क्षणी कादंबरीत मुलगी घर सोडून निघाली असेल, तर डोळे ब्लॉकवर पडूनही तो दिसत नाही.

तुम्हाला फरक जाणवत नाही, हेही मला स्वाभाविक वाटतं. चाल बदलली हे ओळखायला जे लक्ष लागतं, तेच तर गोष्टीकडे गेलेलं असतं. म्हणून या बाबतीत शेजारून चालणाऱ्याचं ऐकावं.

घरीच एक करून पाहा. घराबाहेरच्या सपाट जागेवर खडूने दहा मीटर अंतर आखा. यजमानांच्या हातात घड्याळ द्या. आधी कानात काही न घालता तीनदा चाला, मग नेहमीची कादंबरी लावून तीनदा. सेकंद आणि पावलं दोन्ही मोजायची. गोष्टीबरोबर पावलं वाढली, म्हणजे ढांग आखूड झाली. त्यांना तुमच्या पाठीमागे उभं राहून चपलांचा आवाजही ऐकू द्या. 'टप टप' येतो की 'सरक सरक', हे कानाला फार चटकन कळतं. दवाखान्यात मीही आधी तेच ऐकते.

आणखी एक साधी चाचणी : खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. पायांत रोजचं पादत्राण, वेग नेहमीचा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं धरून तपासणी करून घ्यावी. तुम्ही मात्र एकदा पडलाच आहात, तेव्हा सेकंद कितीही येवोत, तपासणी कराच. बसलेल्या आणि उभ्या स्थितीतला रक्तदाब, तळव्यांची जाणीव, पायांची ताकद आणि चष्मा. तुम्ही डोळ्यांचं लिहिलंत म्हणून विचारते, चष्मा दुहेरी भिंगाचा आहे का? खालचं भिंग जवळचं वाचायला असतं, त्यातून पायाखालची जमीन पुसट दिसते. फिरण्यासाठी फक्त लांबचा वेगळा चष्मा करून घेतलेल्या अनेकांचं अडखळणं कमी झालेलं मी पाहिलंय. सगळा दोष कादंबरीवर टाकून हे राहून जायला नको.

आणि ऐकायचं कसं? रस्त्याचे दोन भाग करा. घरापासून मैदानापर्यंतचा भाग, जिथे वाहनं, खड्डे, चढउतार आहेत, तो रिकाम्या कानांनी. मैदानात किंवा शाळेच्या पटांगणात, जिथे जमीन सपाट आणि पायाखालची आहे, तिथे कादंबरी. एकाच कानात, आवाज बेताचा. आधी ऐकलेलं पुस्तक पुन्हा ऐकायला डोकं कमी लागतं, तेव्हा चालताना जुनं लावा आणि नवं, उत्कंठेचं घरी खुर्चीत बसून ऐका. हे तुम्ही विद्यार्थ्यांना नक्की सांगितलं असेल : नवा धडा बसून, उजळणी फिरताना. फोनला हात लावायचा असेल तर आधी थांबायचं. अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूक इथे २०१२ मध्ये तरुणांवर झालेल्या एका प्रयोगात फोनवर बोलताना चालण्याचा वेग १६ टक्क्यांनी उतरला आणि संदेश टाइप करताना ३३ टक्क्यांनी. तरुणांचं हे, तर आपलं काय होईल?

गोष्ट फारच रंगली तर बाकावर बसा आणि ऐका. वडील थांबायचे ते मला पुढे फार शहाणपणाचं वाटू लागलं. थांबणं ही धोक्याची खूण आहे हे खरं, पण न थांबता अर्ध्या लक्षाने पाय टाकत राहणं त्याहून वाईट.

प्रश्न : वय २९, पुण्यात राहतो, आठवड्यातून चार दिवस वेताळ टेकडीवर जातो. गाणी लावली की पाय आपोआप झपझप पडतात. मुलाखतींचे पॉडकास्ट लावले की तोच पट्टा कापायला पाच-सात मिनिटं जास्त लागतात. व्यायाम वाया जातो का?

उत्तर : वाया अजिबात जात नाही. पण तुमचं निरीक्षण चांगलं आहे. गाण्याला ठेका असतो आणि पाय ठेका शोधत असतात. माणूस सहज चालतो तेव्हा मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं टाकतो. ठेका त्याच्या आसपासचा असेल तर पावलं त्यात जाऊन बसतात आणि ठेकाच त्यांना ओढत नेतो. बोलण्याला असा ठेका नसतो. बोलणारा थांबतो, हसतो, शब्द शोधतो. त्यातून पायांना धरायला काही मिळत नाही, उलट डोकं मात्र गुंतून राहतं.

आपल्याकडे हे कुणीतरी फार पूर्वी ओळखलं असावं, असं मला वारीत वाटतं. २०१६ साली मी सासवडपर्यंत दिंडीबरोबर गेले होते. दिवे घाट चढताना टाळ-मृदंग आणि 'ज्ञानोबा-तुकाराम'. माझ्या पुढे सत्तरीच्या एक आजी होत्या, डोक्यावर तुळस. चढावर त्यांचं एकही पाऊल टाळाला चुकलं नाही. आणि कीर्तन, प्रवचन? ते मुक्कामी. जिथे अर्थ लावायचा आहे, तिथे माणसं मांडी घालून बसतात. चालायला टाळ आणि समजून घ्यायला बैठक, अशी ही वाटणी मी तेव्हापासून माझ्या रुग्णांना सांगते.

तेव्हा दमवणारं चालायचं त्या दिवशी गाणी लावा, सैल चालायचं त्या दिवशी मुलाखत. मिनिटाला १०० पावलं पडत असतील तर मध्यम व्यायाम होतोय असं धरायला हरकत नाही. पॉडकास्ट ऐकतानाही अधूनमधून मिनिटभर पावलं मोजून पाहा. उतरताना मात्र कान मोकळे ठेवा. टेकडीवर घसरून घोटा मुरगळलेले जे माझ्याकडे येतात, त्यांतले बहुतेक उतारावर, सुट्या मुरमावर घसरलेले असतात.

प्रश्न : मुलगी कॉलेजला जाते. घर ते ठाणे स्टेशन रोज चालत, दोन्ही कानांत बटणं. विचारलं तर 'गाणी नाही ऐकत, लेक्चर ऐकते' म्हणते. गाण्यापेक्षा लेक्चर बरं, असं मानायचं का?

उत्तर : नाही, ताई. अभ्यासासाठी ती हे ऐकते याचं कौतुक आहे, पण रस्ता ओलांडताना लेक्चर गाण्याहून बरं ठरत नाही. लेक्चर लक्ष मागतं आणि दोन्ही कान बंद असल्याने हॉर्नही अडतो.

अमेरिकेत बेलिंगहॅमच्या विद्यापीठात संशोधकांनी चौकातून एकचाकी सायकलवर एक विदूषक फिरवला आणि चौक ओलांडून आलेल्यांना विचारलं, विदूषक दिसला का? २०१० मध्ये हा अभ्यास छापून आला. फोनवर बोलत जाणाऱ्यांपैकी चारांत एकालाच तो दिसला होता. गाणी ऐकणाऱ्यांपैकी साधारण ६० टक्क्यांना दिसला, आणि कुणाबरोबर गप्पा मारत चालणाऱ्यांपैकी ७१ टक्क्यांना. शेवटचा आकडा मला मोलाचा वाटतो. शेजारून चालणाऱ्या मैत्रिणीलाही रस्ता दिसत असतो. रिक्षा आली की ती बोलणं थांबवते, हात धरते. कानातल्या आवाजाला रिक्षा दिसत नाही.

हेडफोन लावून चालताना वाहनांखाली सापडलेल्यांचे अमेरिकेतले २००४ ते २०११ या काळातले ११६ प्रसंग एका अभ्यासात एकत्र केले होते. निम्म्याहून अधिक प्रसंगांत धडक रेल्वेची होती. दोन तृतीयांश माणसं तिशीच्या आतली. ठाण्याच्या आईला याहून अधिक सांगायची गरज नाही. मुलीशी एवढंच ठरवा : घराच्या दारापासून फलाटावर उभी राहीपर्यंत कान मोकळे. गाडीत बसली की लेक्चर. आणि बाहेरचा आवाज दाबणारी सोय कानातल्या यंत्रात असेल, तर ती चालताना बंदच ठेवायची.

प्रश्न : नागपूरला असतो. वडिलांना (७४) पार्किन्सन्स आहे. घरातल्या घरात चालतात, तेव्हा मन रमावं म्हणून आम्ही प्रवचन लावून देतो. पण दारात, वळणावर त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. एका ओळखीच्यांनी सांगितलं की दोन कामं एकदम केल्याने मेंदूला व्यायाम होतो, म्हणून चालू ठेवा. ठेवावं का?

उत्तर : चालताना नको. पार्किन्सन्समध्ये चालण्याचा आपोआपपणाच हरवत जातो. वडिलांना एकेक पाऊल लक्ष देऊन टाकावं लागतं, आणि प्रवचन नेमकं तेच लक्ष घेतं. ते ऐकू नये असं नाही. चालून झाल्यावर, आरामखुर्चीत, पाय टेकून ऐकू दे.

ओळखीचे म्हणतात त्यात तथ्य आहे. दोन कामं एकदम करण्याचा सराव आम्ही देतोही. पण तो कमरेला पट्टा बांधून, शेजारी माणूस उभा असताना, आधी एकाच जागी उभं राहून, मग कठड्याला धरून, असा पायरीपायरीने. घरच्या दारात एकट्याने तो करायचा नसतो.

चालताना आवाज हवाच असेल तर ठेका द्या. पार्किन्सन्सच्या रुग्णांना ठरावीक ठोक्यांवर चालवलं की ढांग आणि वेग सुधारतो, हे १९९६ पासून अभ्यासांत दिसत आलंय. फोनवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारी सोय, मिळतो, आणि भजनाची सवय असेल तर तुम्ही स्वतः टाळ वाजवत शेजारून चाला. ठोके किती ठेवायचे हे त्यांची चाल पाहूनच ठरवावं लागेल, म्हणून जवळच्या फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा. दाराच्या उंबरठ्याआधी जमिनीवर ठळक रंगाच्या चिकटपट्ट्या आडव्या लावा, पावलाएवढ्या अंतरावर. पाय अडला तर ओढू नका आणि 'चला, चला' म्हणू नका, त्याने तो आणखी अडतो. थांबू द्या, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर डोलवायला सांगा, मग पट्टी ओलांडायला सांगा.

तपासायला नेताना त्यांच्या घरातल्या चपला बरोबर घ्या, आणि दारात पाय अडतो तेव्हाचं फोनवर छोटं चित्रण करून न्या. दवाखान्याच्या रुंद, मोकळ्या खोलीत ते अडणं बऱ्याचदा दिसतच नाही.